हॅरिएट जोन्स थकलेली नव्हती

डिसेंबर लागला की एक पोस्ट हमखास फिरते. यंदा आमच्या आतेभावानं ती घरच्या ग्रुपवर टाकली, खाली मावश्यांनी न वाचताच हात जोडले, आणि मग मला राहवलं नाही. पोस्ट आहे ‘डॉक्टर हू’ मालिकेतल्या ब्रिटनच्या पंतप्रधान हॅरिएट जोन्सबद्दल. मजकूर थोडक्यात असा: हॅरिएट जोन्स खुनी होती. परत चाललेल्या जहाजावर तिनं पाठीमागून वार केला. सत्ता तिच्या डोक्यात गेली होती. डॉक्टरनं रक्ताचा थेंब न सांडता, नुसत्या सहा शब्दांत तिचं सरकार पाडलं, आणि लोकशाहीत असंच व्हायला पाहिजे. मरताना तिलाही आपली चूक कळली.

मालिका न पाहिलेल्यांसाठी: डॉक्टर हा परग्रहावरचा, शेकडो वर्षं वयाचा प्रवासी. चेहरा बदलतो, काळात हिंडतो, पृथ्वी वाचवतो आणि निघून जातो. हॅरिएट जोन्स (पेनेलोपी विल्टननं केलेली) पहिल्यांदा दिसते एप्रिल 2005 च्या दोन भागांत. तेव्हा ती मागच्या बाकावरची साधी खासदार. आई दवाखान्यात भरती, म्हणून लहान गावांतल्या दवाखान्यांचा प्रस्ताव घेऊन ती पंतप्रधानांच्या दारात ताटकळत बसलेली असते. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर मिळावा म्हणून जिल्हा परिषदेत फाईल घेऊन फिरणारी सदस्य आपण पाहिलेली आहे, ही तीच. जो भेटेल त्याला ओळखपत्र दाखवून ‘हॅरिएट जोन्स, खासदार, फ्लाइडेल नॉर्थ’ असं सांगायची तिला सवय.

आता ‘परत चाललेल्या जहाजावर वार’. हे खोटं नाही, पण अर्धं आहे. 25 डिसेंबर 2005 च्या भागात, तोवर हॅरिएट पंतप्रधान झालेली, सिकोरॅक्स नावाचे परग्रहवासी येतात. निम्मी माणसं गुलाम म्हणून द्या, नाहीतर एक तृतीयांश मरतील, ही त्यांची मागणी. ए पॉझिटिव्ह रक्ताची माणसं त्यांनी रक्तावरच्या ताब्यानं छतांच्या कडेला आणून उभी केलेली. हॅरिएटला त्यांच्या अंतराळ जहाजावर ओढून नेतात आणि तिच्यासमोर तिच्या दोन माणसांना जागच्या जागी मारतात. डॉक्टर त्या वेळी काय करत होता? नुकताच चेहरा बदललेला, पायजम्यात बेशुद्ध. जागा झाल्यावर तो तलवारीच्या द्वंद्वात त्यांच्या म्होरक्याला हरवतो. म्होरक्या आपल्या वंशाच्या रक्ताची शपथ घेतो की पुन्हा येणार नाही. डॉक्टरनं पाठ फिरवली, अन् हा तलवार घेऊन मागून धावला. डॉक्टरनं खिशातलं संत्रं एका बटणावर फेकलं, म्होरक्याच्या पायाखालची जमीन सरकली आणि तो खाली गेला. (वरुड-मोर्शीकडच्या माणसाला हा प्रसंग विशेष आवडतो. भाव पडलेला असला तरी संत्र्याचा कुठंतरी उपयोग झाला.)

म्हणजे शपथेची किंमत किती, हे हॅरिएटनं डोळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय डॉक्टरनं स्वतःच त्या जहाजाला बजावलं की परत जाऊन सगळ्यांना सांगा, पृथ्वीला राखण आहे. ते ताऱ्यांवर जाऊन पृथ्वीचं नाव सांगणार, आणि डॉक्टर तर येतो-जातो. तो नसेल तेव्हा काय, हाच तिचा सवाल, आणि म्हणून तिनं निघालेलं जहाज उडवायचा हुकूम दिला. जो रोज जागलीला येत नाही, त्याच्या भरवशावर रोह्यांचा कळप नुसता हुसकून दिला तर उरलेल्या रात्री वावरात कोणी बसायचं, हे आपल्याकडं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तरी मी म्हणेन की गोळी झाडायला नको होती. म्होरक्या मेला होता, जहाज निघालं होतं, आत किती जीव होते ते कोणी मोजलं नाही. मी त्या संसदेत असतो तर कडक प्रश्न विचारला असता. पण प्रश्न विचारणं वेगळं आणि ‘खुनी’ म्हणून शिक्का मारणं वेगळं.

‘सत्ता डोक्यात गेली.’ कधी? याच भागात अमेरिकेचे अध्यक्ष सूत्रं हातात घेऊ पाहतात, तेव्हा ती निरोप धाडते की ते माझे साहेब नाहीत आणि त्यांना याचं युद्ध करू देणार नाही. त्याआधी, 2005 च्या एप्रिलमध्ये, परग्रहवासीयांमुळं सगळे पंतप्रधान निवासात अडकलेले असताना डॉक्टर क्षेपणास्त्र तिथंच पाडायचं की नाही यावर अडतो, कारण सोबतची रोझ मरेल. तेव्हा हॅरिएट म्हणते, या खोलीत लोकांनी निवडून दिलेली मी एकटी आहे, निर्णय माझा. त्या स्फोटात तीही मरू शकली असती. तेव्हा डॉक्टरला ते फार आवडलं. ही तीनदा निवडून येईल, ब्रिटनचं सुवर्णयुग घडवेल, असं तोच सांगतो. निर्णय त्याच्या मनासारखा होता तोवर लोकप्रतिनिधी थोर. तसा नसला की लगेच सत्तेची नशा?

काही जण इथं ब्रिटनच्या खऱ्या पंतप्रधान थॅचरबाईंचा दाखला देतात. 2 मे 1982 रोजी ब्रिटिश पाणबुडीनं फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ ही युद्धनौका बुडवली, 323 माणसं गेली, आणि जहाज तेव्हा दूर चाललं होतं. दाखला चांगला आहे, पण तो पोस्टच्याच अंगलट येतो. 1983 च्या निवडणुकीच्या तोंडावर डायना गूल्ड नावाच्या एका सामान्य मतदार बाईनं बीबीसीच्या थेट कार्यक्रमात थॅचरना नेमका हाच प्रश्न विचारला: जहाज दूर जात असताना बुडवलं का? पुन्हा पुन्हा विचारला, पंतप्रधानांना पळवाट दिली नाही. लोकशाहीत असं व्हायला पाहिजे.

आणि हॅरिएटच्या वेळी काय झालं? या मुद्द्यासाठीच मी हे लिहायला बसलो.

डॉक्टर तिच्या सहायकाच्या कानात सांगतो: ‘बाई थकल्यासारख्या वाटत नाहीत का?’ (मूळ इंग्रजीत सहा शब्द.) बस. भागाच्या शेवटी टीव्हीवर तिच्या तब्येतीच्या अफवा, अविश्वास ठरावाची चर्चा, आणि ती बिचारी पत्रकारांना सांगते आहे, मी ठीक आहे, बघा ना माझ्याकडं. जहाजाबद्दल कोणी एक शब्द विचारत नाही. ज्या कामासाठी डॉक्टरनं तिला शिक्षा केली, ते काम चर्चेत आलंच नाही. चर्चेत आलं ते तिचं तोंड.

राजेहो, हे आपल्याला ओळखीचं नाही का? आमच्याच भागातल्या एका गावात सरपंच बाईनं नालीच्या बिलावर सही करायला नकार दिला, कारण नाली कागदावर होती तेवढी जमिनीवर नव्हती. त्यानंतर पानठेल्यावर बिलाचा विषय कधी निघाला नाही. निघालं ते असं: ‘बाईचं बीपी वाढलं म्हणे.’ ‘ग्रामसभेत डोळे मिटत होते, मी पाह्यलं ना.’ ‘लेकरं लहान, झेपत नाही तिले.’ मग सदस्य सहलीला गेले, परत आले आणि तहसीलदारासमोर हात वर झाले. बिल पुढच्या महिन्यात निघालं.

कायदा करणाऱ्यांनाही ही खोड ठाऊक होती. महाराष्ट्राच्या 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात नंतर एक तरतूद आली: सरपंचपद बाईसाठी राखीव असेल आणि त्यावर बाई बसलेली असेल, तर अविश्वास ठरावाला दोन-तृतीयांश पुरत नव्हते, तीन-चतुर्थांश सदस्य लागायचे. 2011 मध्ये महाराष्ट्रानं पंचायतीत बायांना निम्म्या जागा दिल्या. पानठेल्यावरची कुजबूज मात्र कुठल्याच कलमात बसत नाही, आणि डॉक्टरनं नेमकं तेच हत्यार उचललं. वर पोस्टवाला म्हणतो, असंच व्हायला पाहिजे.

बरं, ‘रक्ताचा थेंब न सांडता’ हेही नाही. गोळी झाडणारी तोफ टॉर्चवुड नावाच्या गुप्त संस्थेची. हॅरिएट गेली, तोफ तिथंच राहिली. जिला लोकांनी निवडलं होतं ती घरी, आणि ज्यांना कोणी निवडलं नव्हतं ते जागेवर. जुलै 2006 च्या भागांत याच संस्थेच्या लंडनमधल्या कारभारामुळं दोन विश्वांतली फट रुंदावते आणि सायबरमेन व डालेक हे डॉक्टरचे जुने शत्रू लंडनवर तुटून पडतात. रिकाम्या झालेल्या जागेत पुढं कोण आलं? जून 2007 मध्ये हॅरल्ड सॅक्सन, म्हणजे डॉक्टरचाच जुना वैरी मास्टर, पंतप्रधान होऊन बसतो आणि जगातली दहा टक्के माणसं मारायचा हुकूम देतो. शेवटी ते वर्ष पुसलं जातं, हा मालिकेचा सोयीचा तोडगा. पण ज्या सुवर्णयुगाची ग्वाही डॉक्टरनं दिली होती, ते त्याच्याच तोंडच्या वाक्यानं बुडालं. सगळं तिच्या जाण्यामुळंच घडलं असं मी म्हणत नाही. पण सहा शब्दांना सफाईदार शस्त्रक्रिया म्हणणाऱ्यांनी नंतर टेबलावर काय सांडलं तेही पाहावं.

राहिलं ‘मरताना चूक कळली’. हे सरळ चुकीचं आहे. 28 जून 2008 च्या भागात डालेक पृथ्वी पळवून नेतात आणि डॉक्टरचा पत्ता नसतो. तेव्हा सत्ता गेलेली हॅरिएट स्वतः उभ्या केलेल्या जाळ्यावरून डॉक्टरच्या विखुरलेल्या सोबत्यांना एकत्र जोडते. त्यानंच तुम्हाला खाली खेचलं ना, असा विषय निघतो. ती सांगते की मी चुकले का, याचा मी पुष्कळ विचार केला, पण मी आजही माझ्या निर्णयावर ठाम आहे. एक दिवस पृथ्वी संकटात असेल आणि डॉक्टर येणार नाही, हे मी त्याला सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नाही. डॉक्टरला गाठायचा सिग्नल वाढवला की डालेक आपल्यालाच शोधत येणार हे माहीत असून ती तो वाढवते, ताबा दुसऱ्यांकडं देते, आणि दारात डालेक आल्यावर सवयीनं ओळखपत्र पुढं धरते. यातून ‘चूक कळली’ हे पोस्टवाल्यानं कुठून काढलं, त्याचं त्याला ठाऊक.