दीड युरोची माणसं

वेरूळच्या तिकीटखिडकीसमोर उभं राहून मी अनेकदा धन्यता अनुभवली आहे. भारतीयांना ४० रुपये, परदेशी पाहुण्यांना ६००. घामाघूम झालेला एखादा गोरा सहाशे मोजताना दिसला की वाटायचं, बरोबरच आहे, यांना काय कमी आहे? शिवाय लेणी आपल्या बापजाद्यांनी खोदलेली. (आमच्या घराण्यात कुणी छिन्नी हातात धरल्याची नोंद नाही, पण तो मुद्दा वेगळा.) हा पंधरापट दर मला कधीच खटकला नाही. तो खटकायला व्हेनिसला जावं लागलं.

मुलगा म्युनिकला असतो. त्यानं सांगितलं, हॉटेल मेस्त्रेला घ्या, स्वस्त पडेल. मेस्त्रे म्हणजे व्हेनिसचाच जमिनीवरचा भाग, पालिका एकच. तिथून सिटी बस लांबलचक पुलावरून व्हेनिसच्या तोंडाशी, पियाझ्झाले रोमाला आणून सोडते. तिकीट दीड युरो. तिकडच्या माणसाला दीड, आम्हालाही दीड. पूल संपेपर्यंत आम्ही इटालियनच होतो म्हणा ना.

पियाझ्झाले रोमाला रस्ता संपतो आणि पाणी सुरू होतं. पुढची बस म्हणजे वापोरेत्तो नावाची बोट. तिचं तिकीट साडेनऊ युरो. रहिवाशाचं कार्ड असेल तर दीड.

युरोला शंभराचा भाव धरला (हिशेब सोपा जातो आणि दुःखही राउंड फिगरमध्ये होतं), तर माणशी साडेनऊशे रुपये. आता आम्ही दोघंही पिढीजात सवलतीची माणसं. मी पासष्टी ओलांडलेला, म्हणून एसटीत अर्धं तिकीट. ही बाईमाणूस, म्हणून २०२३ पासून हिलाही अर्धं. पंच्याहत्तरी झाली की मला फुकट. वाढदिवसाची एवढी वाट मी लहानपणीही पाहिली नव्हती. अशा माणसांना पूर्ण तिकीट म्हणजेच अन्याय वाटतो, हे तर सहापट!

हिनं सवयीनं पर्समधून आधार कार्ड काढलं आणि खिडकीतून आत सरकवलं. आतल्या मुलीनं ते उलटसुलट करून पाहिलं. फोटोपाशी जरा थबकली, दया आली असावी. मग हसून परत दिलं.

‘अगं, ते भारताचं आहे,’ मी म्हणालो.

‘मग? कुठले तरी रहिवासीच आहोत ना आपण?’

शेवटी पैसे मोजले. तिकीट पंचाहत्तर मिनिटं चालतं, असं कळल्यावर हिनं बोटीत बसतानाच जाहीर केलं, ‘अहो, पंचाहत्तर म्हणजे पंचाहत्तर. आधी उतरायचं नाही.’ एक नंबरची बोट ग्रँड कॅनॉलमधून थांब्याथांब्याला टेकत जाते. टेकली की एक माणूस दोराचा फास खुंटाला टाकतो, बोट कण्हते, लोखंडी दांडा सरकवून माणसं आतबाहेर होतात. रिआल्तोचा पूल आला आणि गेला. मी चुळबुळ केली, हिनं घड्याळ दाखवलं. सॅन मार्को आलं. जगभरचे लोक जे पाहायला येतात ते आम्ही बसल्या जागेवरून पाहिलं आणि मागे टाकलं. शेवटी लिदो नावाच्या बेटावर पोचलो. लिदोला रस्ते आहेत, मोटारी आहेत, बस आहेत. पाण्यातलं शहर पाहायला आलेले आम्ही एका बसथांब्यावर उभे होतो. तिकीट एकाच दिशेचं असल्यामुळे परतायला पुन्हा साडेनऊ.

परतीच्या बोटीत रिआल्तोला एक काठी टेकणारे आजोबा चढू पाहत होते. दारात सगळी बॅगांची भिंत. बॅगांचे मालक पुलाचे फोटो काढण्यात गुंग. आजोबा खालीच राहिले आणि बोट सुटता सुटता काहीतरी बोलले. शब्द कळले नाहीत, पण डोंबिवलीच्या फलाटावर, आठ-तेराची लोकल सुटताना, मी ते मराठीतून ऐकलेले आहेत.

रात्री म्युनिकला फोन लावला. ‘हा उघड भेदभाव चालतो कसा रे?’ मुलानं सांगितलं, २००३ साली युरोपच्या न्यायालयानं इटलीला याच प्रकारावरून झापलं होतं. डोजचा, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखाचा राजवाडा आणि आणखी काही संग्रहालयांत ज्येष्ठांना फुकट प्रवेश होता, पण फक्त इटालियन किंवा तिथं राहणाऱ्या ज्येष्ठांना. न्यायालय म्हणालं, हे चालणार नाही. मी पलंगावर ताठ बसलो.

‘म्हणजे ज्येष्ठ म्हणून मला...’

‘बाबा, युरोपियन ज्येष्ठ.’

मी पुन्हा आडवा झालो. तो बोलतच होता. मूळ बेटांवर आता पन्नास हजारसुद्धा माणसं उरली नाहीत. दवाखाना, शाळा, बाजार, सगळं बोटीनं. आणि त्याच बोटीत वर्षाला कोट्यवधी पाहुणे. नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून तर २०२४ पासून ठरावीक दिवशी प्रवेशशुल्कही घेतात, तुम्ही मेस्त्रेत राहिलात म्हणून सुटलात. नोकरी लागल्यापासून या मुलाला सगळ्यांची बाजू कळायला लागली आहे. मी फोन ठेवला आणि मनात भागाकार केला. ते सव्वासहापट लावतात, आपण वेरूळला पंधरापट. जरा बरं वाटलं.

सकाळी ही म्हणाली, आता चालत. ही मालवणची, त्यामुळे पाय आपोआप रिआल्तोच्या मासळीबाजाराकडे वळले. तिथून पलीकडे जायचं होतं आणि अख्ख्या ग्रँड कॅनॉलवर पूल चारच. पण बाजाराशेजारी त्रागेत्तो मिळतो: जुनी गोंडोला, दोन वल्हेकरी, दोन-तीन मिनिटांत पैलतीर. पर्यटकांची गोंडोला अर्ध्या तासाला नव्वद युरो घेते, इथं दोन युरो. मी खूश. तेवढ्यात पाटी दिसली. रहिवाशांना सत्तर सेंट.

वल्हेकऱ्यानं कार्ड-बिर्ड काही विचारलं नाही. हिचा पंजाबी ड्रेस, त्याखालचे पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज, माझा कमरेचा पाऊच, एवढ्यावरून त्यानं दोन बोटं वर केली. ही अडून बसली. ‘चार युरो? समोर तर आहे!’

आमच्या पुढं एक म्हातारी उभी होती. हातात जाळीची पिशवी, तळातून पाणी ठिबकत होतं. हिची नजर तिकडे गेली आणि भांडण जागीच राहिलं.

‘अहो, तिसऱ्या!’

मग दोघींचं सुरू झालं. म्हातारी इटालियनमधून, ही मालवणीतून. किती वेळ भिजवायच्या, उघड्या तोंडाच्या टाकून द्यायच्या, हे सगळं बोटांनी ठरलं. ‘ओलं खोबरं?’ हे मात्र म्हातारीला काही केल्या समजेना. शेवटी हिनं जाळीवरची किमतीची चिठ्ठी उलटी करून वाचली, शंभरानं गुणलं आणि मटकन माझा दंड धरला.

‘एवढ्याशा तिसऱ्यांना एवढे? मग बिचाऱ्यांना बोट तरी स्वस्त नको का?’

आणि माझ्याच पाकिटातून चार युरो काढून तिनं वल्हेकऱ्याच्या हातावर ठेवले.