आत अजून एक पोर होती

"अशा वेळी माणूस विचार करत नाही, सरळ आत घुसतो," असं आपण सहज बोलून जातो. मला हे कधीच पटलेलं नाही. निकोलस बॉस्टिकचंच बघा ना.

अमेरिकेत इंडियाना राज्यातलं लाफायेट गाव. ११ जुलै २०२२, मध्यरात्र उलटून गेलेली. पिझ्झा पोचवण्याचं काम करणारा हा पंचवीस वर्षांचा मुलगा गाडीतून चालला होता. एका घराला आग लागलेली दिसली. फोन जवळ नव्हता. गाडी मागे घेतली, मागच्या दाराने आत शिरला आणि ओरडत सुटला. आईवडील बाहेर गेलेले, घरात नुसती मुलं. सगळ्यांत मोठी अठराची. चौघं बाहेर आली.

इथवर हवं तर म्हणा, विचार न करता गेला. पण बाहेर आल्यावर कळलं, सहा वर्षांची एक पोर आतच राहिलीय. आता आत काय आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं. आगीत माणूस बरेचदा भाजण्याआधी धुरानेच गुदमरतो, दार दोन हातांवर असूनही सापडत नाही. हे सगळं समोर दिसत असताना तो परत गेला. माझ्या लेखी खरं धाडस ते.

वर शोधली, सापडेना. मग खालून रडणं ऐकू आलं. खाली काळाकुट्ट धूर. तोंडावर शर्ट ओढून, चाचपडत, त्या रडण्याच्या रोखाने गेला. पोर हाती लागली, पण दार काही दिसेना. पुन्हा वर आला, खिडकीची काच हाताने फोडली आणि तिला घेऊन वरच्या मजल्यावरून उडी मारली. पोलिसांच्या कॅमेऱ्यात पुढचं दिसतं. हात चांगलाच कापलाय, रक्त थांबवायला दंड आवळून बांधतायत, धाप लागलीय, आणि हा एकच विचारतोय, बाळ ठीक आहे ना? तिला किरकोळ लागलं होतं, बस्स.

ते बघताना मला आमच्या चाळीतल्या काकू आठवल्या. शेजारी स्टोव्ह भडकला तेव्हा ओली गोधडी पांघरून आत गेल्या आणि आजींना ओढत बाहेर आणलं. मनगटावरचा गुळगुळीत चट्टा भाजी निवडताना दिसायचा. काका कितीतरी दिवस चिडलेले होते, "पदरात दोन लेकरं आहेत, काही झालं असतं म्हणजे?" काकू मान खाली घालून म्हणायच्या, "अहो, आजींचा आवाज येत होता."