कटल्याच्या पोटात गाभोळी निघाली

पुण्यात गळ टाकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या फोनवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. मला तो चौघांकडून आला. त्यातल्या दोघांनी आयुष्यात कधी रॉड हातात धरलेला नाही. मजकूर थोडक्यात असा: मासे पकडण्याच्या स्पर्धांत चोरी बोकाळली आहे आणि उपाय एकदम सोपा आहे. संशय आला की पोटात वजन कोंबलंय का ते बघायला मासा जागेवर चिरा आणि व्हिडिओ टाका, अमेरिकेत ओहायोत चोर असेच सापडले. जो सारखा जिंकतो त्याच्यात काळंबेरं असणारच. विजेत्याला पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायचं यंत्र, लावा. तेवढं जमत नसेल तर माशावरून मेटल डिटेक्टर फिरवा. आणि तक्रार करणाऱ्याला नाव विचारू नका, नाहीतर कोणी बोलणार नाही.

चोरी होते, यावर माझा वाद नाही. वाद उपायांवर आहे, कारण यातला पहिला उपाय मी डोळ्यांसमोर घडताना पाहिला आहे.

आधी ओहायो. ३० सप्टेंबर २०२२, क्लीव्हलँड, ईरी सरोवरातल्या वॉलाय माशांची स्पर्धा. एका जोडीचे पाच मासे वजनकाट्यावर चढले आणि आकडा आला जवळजवळ ३४ पौंड, म्हणजे १५ किलोच्या वर. मासे मात्र दिसायला प्रत्येकी चार पौंडांचे. स्पर्धेच्या संचालकाने हजारो वॉलाय हाताळलेले, त्याला ते खटकलं. त्याने पोट दाबून पाहिलं, आत काहीतरी टणक लागलं, मग चिरलं. शिशाची दहा वजनं निघाली, आणि सोबत दुसऱ्या वॉलाय माशांचे काटे काढलेले तुकडे. व्हिडिओ जगभर फिरला, म्हणून लोकांना वाटतं की चोर व्हिडिओने पकडले. व्हिडिओ सुरू होण्याआधी काटा होता, अनुभवी डोळा होता, आणि निर्णय घ्यायचा अधिकार असलेला माणूस होता. नंतर राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचे अधिकारी मासे आणि शिसं पुरावा म्हणून घेऊन गेले. २०२३ मध्ये दोघांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. दहा दिवस तुरुंग, तीन वर्षं मासेमारीचा परवाना बंद, बोट जप्त. ही शिक्षा त्या पुराव्यामुळे झाली. जमावाने मात्र तिथे शिव्या घालण्यापलीकडे काही केल्याचं दिसत नाही.

आता आपल्याकडचं. मुळशीच्या बाजूला एका खासगी तळ्यावरची स्पर्धा, जूनचा शेवट, पाऊस नुकता लागलेला. काट्यावर मी होतो. बाइकला रॉड बांधून आलेल्या एका पोराने कटला आणला. लांबी ६० सेंटीमीटर, काटा म्हणाला चार किलो आठशे. मागून आवाज आला, "साठचा कटला पावणेपाच किलो? आम्ही काय आज मासे बघतोय का?" दोन मिनिटांत दहा-बारा फोन वर. पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, चिरा. मला काय प्रॉब्लेम नाही." त्याचा आवाज मात्र कापत होता.

चिरला. आत गाभोळीच्या, म्हणजे अंड्यांच्या, दोन पिवळट लांबुडक्या पिशव्या, पोट भरून. बाकी काही नाही. कटल्याची मादी या दिवसांत अशीच असते, हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं आणि मलाही. तरी मी काटा धरून गप्प उभा राहिलो. सॉरी कोणी म्हटलं नाही. एकजण म्हणाला, "चला, क्लिअर झालं ना." पोराने पहिलं बक्षीस घेतलं, मासा तिथेच ठेवला आणि गेला. पुढच्या स्पर्धेला आला नाही. व्हिडिओचा पहिला भाग, चिरण्याआधीचा, अजून कुठल्या कुठल्या ग्रुपवर आहे. गाभोळीचा भाग कोणी पाठवत नाही.

चिरायची गरजच नव्हती, ही त्यातली खरी चीड आणणारी गोष्ट. गळवाल्यांमध्ये एक जुना हिशेब आहे: लांबी गुणिले घेर गुणिले घेर, भागिले ८००, इंचात मोजलं तर उत्तर पौंडात. आपल्या मापात सेंटीमीटर घ्या आणि साधारण २९ ने भागा, उत्तर ग्रॅममध्ये. साठ लांबीच्या कटल्याचा घेर ४५ असेल तर चार किलो दोनशेच्या आसपास. घेर ४८ असेल तर तोच मासा पावणेपाच किलोच्या वर जातो. तीन सेंटीमीटरच्या घेराने अर्ध्या किलोहून जास्त फरक. आम्ही फक्त लांबी मोजत होतो. गाभोळीची मादी घेरात दिसते. शिसं दिसत नाही, कारण ते पाण्याच्या अकरा पटींहून जड. अर्धा किलो शिसं म्हणजे एका लिंबाएवढा ऐवज, घेर हलतसुद्धा नाही. म्हणून वजन घेराच्या हिशेबापेक्षा भलतंच जास्त आलं तर दाल में कुछ काला. वजन आणि घेर जुळले तर गप्प बसावं. हिशेब ढोबळ आहे, रोहू सडपातळ आणि कटला डोक्याने मोठा, त्यामुळे भागाकार माशागणिक थोडा सरकतो. पण कोणाला बाजूला घेऊन तपासायचं, एवढं ठरवायला शिवणकामाची टेप पुरते.

शिवाय सगळीच फसवणूक पोटात नसते. मेरीलँडच्या ओशन सिटीत २०१६ साली पांढरा मार्लिन या समुद्री माशाच्या स्पर्धेत २८ लाख डॉलरचं बक्षीस अडलं. मासा सच्चा, वजन सच्चं. आरोप असा की सकाळी साडेआठची वेळ व्हायच्या आधीच गळ पाण्यात होते. तो मासा चिरून काय सापडणार होतं?

पॉलिग्राफचा मुद्दा या प्रकरणातूनच उचललेला असावा. तिथे विजेता पॉलिग्राफमध्ये नापास झाला हे खरं. पण ती चाचणी नियमपुस्तकात आधीपासून होती, नोंदणी करताना प्रत्येकाने ती मान्य केली होती, आणि तरीही वाद २०१७ मध्ये फेडरल न्यायालयात गेला, २०१८ मध्ये अपिलात. आपल्याकडे स्पर्धा संपल्यावर तळ्याकाठी "आता याला मशीन लावा" म्हणणं ही वेगळी चीज आहे. यंत्र नाडी, रक्तदाब, श्वास आणि घाम मोजतं. माझ्यासमोरच्या त्या पोराची नाडी त्या दिवशी मोजली असती तर काय निघालं असतं, विचार करा. आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात संमतीशिवाय पॉलिग्राफ करता येणार नाही असं सांगितलं आहे. जे पोलिसांना सक्तीने करता येत नाही ते आठ हजारांच्या बक्षिसासाठी आपण करणार?

"सारखा जिंकतो" या आरोपाला एक परिच्छेद पुरे. कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. जो माणूस आदल्या दिवशी येऊन खोली मोजतो, वारा कुठल्या काठाला चारा लोटतो ते बघतो, त्याचा गळ बरोबर खोलीवर असतो. बाकीचे सगळे एकाच खोलीला कणकेचा गोळा सोडून चहा पीत बसतात. तोच जिंकणार. शंका असेल तर जागा चिठ्ठ्या टाकून वाटा आणि शेजारी साक्षीदारही चिठ्ठीनेच बसवा. मग तरी जिंकला तर शिकून घ्या त्याच्याकडून.

मेटल डिटेक्टर. गिळलेल्या गळावर तो वाजतो. माशाच्या पोटातल्या दगडावर, बर्फावर, पाण्यावर वाजत नाही. ओहायोत निघालेल्या माशांच्या तुकड्यांवरही वाजला नसता. ठेवायचा तर ठेवा, पण प्रत्येक माशावर फिरवा, एकट्या संशयितावर नाही.

फोटो काढून मासा सोडण्याच्या स्पर्धेत चिरण्याचा प्रश्नच येत नाही, आणि खडसमासा, म्हणजे महसीर, लागला तर तो पाण्यात परत जायलाच हवा. तिथली फसवणूक मोजपट्टीवर असते: माशाचं तोंड पट्टीच्या टोकाच्या भिंतीला न टेकवणं, कालचा मासा आज दाखवणं. कालचा मासा टाळायला सकाळी जाहीर केलेलं टोकन फोटोत असणं सक्तीचं करतात. बिनखर्चाचा उपाय, आपल्याकडे फार कमी ठिकाणी पाहिला.

शेवटी निनावी तक्रार. इथे मी फॉरवर्डच्या अगदी उलट टोकाला आहे. तक्रार लेखी, नावासह, आयोजकाकडे, वजनानंतर अर्ध्या तासात, थोडी अनामत भरून; तक्रार खरी निघाली तर अनामत परत. बक्षीस तोवर राखून. नाव बाहेर जाणार नाही ही जबाबदारी आयोजकाची. ग्रुपवर "चोर" लिहिणाऱ्याला कोणी अनामत मागत नाही, म्हणून तिथे तक्रारी स्वस्त आहेत. त्या स्वस्तही नाहीत खरं तर: फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, तसं बदनामीला ३५६ आहे. शिवाय बाद होणं आणि चोर असणं एक नव्हे. २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात २८० किलोचा निळा मार्लिन बाद झाला, कारण त्याला शार्कने चावा घेतला होता. बोटीवरच्या कोणी काहीच केलं नव्हतं.

पुढची स्पर्धा दिवाळीनंतर आहे. सरकारी वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं दोन किलोचं वजन आयोजक आणणार आहेत, काटा सुरू करण्यापूर्वी सगळ्यांसमोर ठेवायला. कापडी टेप मी नेतोय. त्या पोराचा नंबर मिळाला आहे, अजून फोन केलेला नाही.