गळू, आंबे आणि ‘बिघडलेलं’ रक्त

कळव्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर मे महिन्यात एक मेसेज फिरतो. यंदा तो तिघांनी पाठवला. मजकूर असा: गळू म्हणजे रक्त बिघडल्याची खूण, आंबे बंद करा, रक्तशुद्धीचा काढा घ्या, गळवावर चुना-गूळ बांधा, मऊ पडलं की तापवलेल्या सुईने फोडून पिळा, आणि मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणा, डॉक्टर उगाच चिरतात. माझी सगळी नोकरी जखमांच्या ड्रेसिंग रूममध्ये झाली, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी रक्ताचं बघू. गळू होतं बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूमुळे. साधारण दहातल्या तीन धडधाकट माणसांच्या नाकात तो काही त्रास न देता राहत असतो. घामोळं खाजवलं, दाढीचं ब्लेड लागलं, घट्ट कपडा घासला की केसाच्या मुळाशी शिरतो. पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात, मरतात, आणि त्यांचाच पू होतो. हे काही कालचं संशोधन नाही. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचे सर्जन अलेक्झांडर ऑगस्टन यांनी 1880 च्या सुमारास गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यात द्राक्षाच्या घोसासारखे जंतू दिसले, आणि पुढे नावही त्यावरूनच दिलं. एका घरात ओळीने तिघांना गळवं झाली तर रक्त कशाला तपासता, टॉवेल कितीजण वापरतात ते बघा. जंतू खरोखर रक्तात शिरले तर माणूस थंडी-तापाने फणफणतो. त्याला काढा नव्हे, हॉस्पिटल लागतं.

तरी एक गोष्ट खरी: गळवं पुन्हा पुन्हा होत असतील तर रक्त तपासायचंच, पण साखरेसाठी. मानेवर चार-पाच तोंडांची काळपुळी घेऊन येणाऱ्यांत कितीजणांना आपल्याला मधुमेह आहे हे तिथेच कळायचं!

आंब्यावरचा आळ मात्र फुकटचा. तुर्भ्याच्या मार्केटात हापूसच्या पेट्यांची रास लागते तेव्हाच आपल्या अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असतात. दोन गोष्टी एका वेळी आल्या, म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं नाही. आंब्याचा चीक ओठाला लागून पुरळ येतं, ते वेगळं. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, त्यामुळे हा चीक काहींच्या कातडीला सोसत नाही. पण ती अ‍ॅलर्जी, गळू नव्हे. देठाकडचा चीक धुवा आणि खुशाल खा.

चुन्याने कातडी भाजते. पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेह्याला तर भाजलेलं कळतही नाही. आजी कणकेचं पोटीस बांधायची त्यात गुण होता तो उबेचा. तेच काम कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं करतं: दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. लहान गळू त्याने आपणहून तोंड धरतं.

सुई आणि पिळणं नकोच. पिळल्यावर जेवढा पू बाहेर येतो, तेवढाच आत ढकलला जाऊ शकतो. नाकावर किंवा वरच्या ओठावर तर हात लावू नका, तिथल्या शिरांचा संबंध थेट कवटीच्या आतल्या शिरांशी आहे. शिवाय सुईचं भोक लगेच बुजतं. डॉक्टर ‘उगाच’ चिरतात ते पूर्ण पू निघावा आणि जखम तळापासून भरून यावी म्हणून. पुवाच्या बंद पिशवीत गोळीचं औषध नीट पोचतच नाही. गळू मोठं असेल, ताप असेल, भोवती लाली पसरत असेल, तर चिरून वर गोळ्याही देतात. मनानेच पाच दिवसांच्या गोळ्या घेण्याबद्दल एवढंच सांगते: जंतू औषधाला सरावतात. मेथिसिलीन या अँटिबायोटिकला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस 1961 मध्येच ब्रिटनमध्ये सापडला होता, औषध बाजारात येऊन जेमतेम दोन वर्षंही झाली नव्हती.

आता मेसेजमध्ये नसलेलं, आणि मला त्याचीच जास्त काळजी आहे. जुलैत साचलेल्या पाण्यातून स्टेशन गाठायचं, दिवसभर ओले बूट, मग बोटांच्या बेचक्यात चिखल्या. त्या भेगांतून जंतू शिरले की पाय लाल, गरम आणि टम्म होतो, जांघेत अवधाण येतं. जुनी माणसं धावरं म्हणायची, डॉक्टर सेल्युलायटिस म्हणतात. इथे सगळं उलटं: पू नसतो, म्हणून चिरून उपयोग नाही, आणि अँटिबायोटिक मात्र लागतंच. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढा, पाय उशीवर ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. औषध सुरू करून दोन दिवस झाले तरी लाली रेघेपलीकडे सरकत असेल तर परत जा. आणि दिसतं त्यापेक्षा दुखणं भलतंच जास्त असेल, कातडी जांभळी-काळी पडत असेल, फोड येत असतील, तर सकाळची वाट बघू नका. रिक्षा करा आणि थेट मोठ्या हॉस्पिटलात जा.