कुत्र्याच्या भुंकण्यावरून माणसाची पारख करू नका

‘कुत्र्याला माणसाची नियत कळते. तो ज्याच्यावर गुरगुरतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा. माणूस फसेल, कुत्रा फसत नाही.’ या आशयाचा मजकूर कुत्रा पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर सतत फिरत असतो आणि त्याखाली ‘अगदी खरं’ म्हणणाऱ्यांची रांग लागते. कुत्र्यांवर माझाही जीव आहे. म्हणूनच हा मजकूर मला घातक वाटतो.

हे भुंकणं कोणाच्या वाट्याला येतं, ते आधी पाहा. कुबड्या घेऊन चालणारा माणूस. हेल्मेट न काढता दारात उभा राहिलेला डिलिव्हरीवाला. दाट दाढीचा पाहुणा. घरातल्या सगळ्यांपेक्षा वेगळ्या वर्णाचा मित्र. छत्री उघडणाऱ्या आजी. किंचाळत धावणारं तीन वर्षांचं पोर. त्या पोराची नियत कसली वाईट असणार?

मजकुराचा पहिला आधार वासाचा: वाईट हेतूचा वास कुत्र्याला येतो म्हणे. कुत्र्याच्या नाकाबद्दल वादच नाही. 2022 मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात माणसांना अवघड हिशेब तोंडी करायला लावून त्यांच्या घामाचे आणि श्वासाचे नमुने घेतले गेले. शिकवलेल्या 4 कुत्र्यांनी ताणाखालचा नमुना जवळपास 94 टक्के वेळा बरोबर निवडला. त्याआधी 2018 मध्ये इटलीतल्या संशोधकांच्या प्रयोगात घाबरलेल्या माणसांच्या घामाचा वास आल्यावर कुत्री स्वतःच अस्वस्थ झाली, त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि ती मालकाजवळ सरकली.

म्हणजे कुत्र्याला वास येतो तो ताणाचा आणि भीतीचा. आता कुत्र्यासमोर सगळ्यात जास्त घाबरतं कोण? ज्याला लहानपणी कुत्रं चावलं असेल, तो. तो अंग आखडून उभा राहतो, श्वास रोखतो, कुत्र्यावरची नजर हटवत नाही. कुत्र्यांमध्ये रोखून पाहणं ही धमकी असते. त्या बिचाऱ्याच्या अंगाला भीतीचा वास येतोय, त्याची नजर कुत्र्याला आव्हान वाटतेय आणि आपण ठरवून मोकळे होतो, की याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे. उलट सराईत ठग निवांत असतो. तो खाली बसेल, हलक्या आवाजात बोलेल, खिशातून खाऊ काढेल, आणि कुत्रा त्याचे हात चाटेल.

‘विज्ञानानं सिद्ध केलंय,’ हे पुढचं वाक्य. बहुतेक वेळा त्याचा रोख क्योटो विद्यापीठाच्या 2015 मधल्या प्रयोगाकडे असतो. कुत्र्यासमोर मालक एक डबा उघडायची धडपड करतो आणि शेजारच्याकडे मदत मागतो. शेजारचा तोंड फिरवतो. तिसरा माणूस नुसता बसून असतो. नंतर शेजारच्यानं आणि त्या तिसऱ्या माणसानं खाऊ पुढे केला, तेव्हा मदत नाकारणाऱ्याकडचा खाऊ घेणं कुत्र्यांनी टाळलं. प्रयोग सुरेख आहे, पण त्यात कुत्र्यानं वागणूक डोळ्यांनी पाहिली होती. दारातून पहिल्यांदाच आत येणाऱ्या माणसानं त्याच्यासमोर काहीच केलेलं नसतं. शिवाय नंतरच्या काही प्रयोगांत असा कल दिसलाही नाही. या पुराव्यावर कोणाला दुष्ट ठरवणं अन्यायाचं आहे.

खरा मुद्दा पुढचा आहे, आणि तो मांडणारी माणसं प्रामाणिक असतात. ‘आमचा सगळ्यांशी गोड वागतो, फक्त टोपीवाल्या माणसांवर धावतो. म्हणजे काहीतरी असणारच ना?’ असतं, नक्की असतं. पण त्याचं उत्तर बहुधा कुत्र्याच्या पहिल्या तीन महिन्यांत सापडतं.

1961 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. कुत्र्यांची पिल्लं आईसोबत कुंपणाच्या आत, माणसांपासून पूर्ण दूर वाढवली होती. वेगवेगळ्या वयाच्या पिल्लांना एकेक आठवडा बाहेर काढून माणसांचा सहवास दिला आणि परत आत सोडलं. काही पिल्लांना मात्र 14 आठवड्यांची होईपर्यंत तो मिळालाच नाही. ही शेवटची पिल्लं जंगली जनावरांसारखी वागू लागली, माणूस जवळ येताच पळू लागली. त्यांना कोणीही मारलं नव्हतं, कोणी ओरडलंही नव्हतं. माणूस योग्य वयात भेटला नाही, एवढंच घडलं होतं.

साधारण 3 ते 12 आठवड्यांच्या वयात पिल्लू ‘हे माझ्या जगातलं’ आणि ‘हे परकं’ अशी वाटणी करत असतं. सुरुवातीला कुतूहल भीतीवर मात करतं. पुढे हळूहळू भीती वरचढ होते आणि नव्या गोष्टीकडे आधी संशयानं पाहिलं जातं. ज्या पिल्लानं या काळात घरातल्या दोन बायका सोडून कोणी पाहिलं नाही, त्याच्या हिशेबात माणूस म्हणजे तेवढ्याच उंचीचा, तशाच आवाजाचा, तशाच चालीचा प्राणी. आपण टोपीखालचा चेहरा पाहून ‘माणूसच आहे’ म्हणतो. कुत्र्याला लांबचे बारकावे आपल्याइतके स्पष्ट दिसत नाहीत, लाल-हिरव्यातला फरकही नीट कळत नाही. त्याचा भर आकारावर आणि हालचालीवर असतो. टोपीनं डोक्याचा आकार बदलतो, कुबड्यांनी पायांची संख्या वाढल्यासारखी होते, दाढीत तोंडाचे हावभाव लपतात. हीच गोष्ट वर्णाची. वेगळ्या वर्णाची माणसं पिल्लूपणी कधी भेटलीच नसतील, तर मोठेपणी ती अनोळखी वाटतात. त्यात ना त्या माणसांचा दोष, ना कुत्र्याच्या मनात कसला वंशद्वेष.

‘त्याला टोपीवाल्यानं मारलं असणार,’ हा निष्कर्षही सरसकट काढू नये. दत्तक घेतलेल्या कुत्र्यांबाबत तर तो हमखास निघतो. कधी खरा असेलही. पण न पाहिलेली गोष्ट आणि भोगलेली गोष्ट यांची भीती बाहेरून अगदी सारखी दिसते. वेल्स आणि हेपर या संशोधकांनी 1999 मध्ये निवाऱ्यातल्या कुत्र्यांचं वागणं नोंदवलं, तेव्हा ती बायकांपेक्षा पुरुषांवर जास्त भुंकली. त्या प्रत्येकाला पुरुषानंच छळलं होतं, असं त्यावरून म्हणता येत नाही. काही भित्रेपणा तर रक्तातूनच येतो. अमेरिकेत आर्कान्सामध्ये पॉइंटर जातीच्या कुत्र्यांची एक शाखा निवडून वाढवली गेली होती. माणूस समोर आला की ही कुत्री जागच्या जागी थिजायची, आणि हा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेला.

मालकाचा हात यात कुठे असतो, तेही सांगायला हवं. मिलान विद्यापीठातल्या संशोधकांनी रिबिनी लावलेला पंखा कुत्र्यांसमोर ठेवला, तेव्हा बहुतेक कुत्र्यांनी आधी मालकाकडे वळून पाहिलं. मालकानं भीती दाखवली, की तीही बिचकली. रस्त्यात विशिष्ट पेहरावाचा माणूस दिसताच तुमची पट्ट्यावरची मूठ आवळत असेल, तर कुत्र्याला दर वेळी तेच कळतं, की या माणसांपासून धोका आहे. मग ते भुंकलं की आपण म्हणतो, बघा, त्यालाही कळलं.

‘भुंकू द्या, राखण करतो,’ या मुद्द्याला फार जागा देत नाही. पोस्टमन येतो, कुत्रा भुंकतो, पोस्टमन जातो. तो तसाही जाणारच होता, पण कुत्र्याला वाटतं आपण पळवून लावला. उद्या तो आणखी जोरात भुंकतो. हा धडा पुढे कधीतरी चाव्यापर्यंत जातो. तेव्हा त्या कुत्र्याला वाचवायला ‘नियत कळते’ म्हणणारं कोणी येत नाही. म्हणून गुरगुरल्यावर फटका मारायचा, हेही चूकच. गुरगुरणं हा इशारा असतो. तो मारून बंद केला तर भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी कुत्रा न सांगता चावतो.

करायचं काय? पिल्लू असेल तर वाट पाहू नका. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेनं 2008 मध्येच सांगितलं आहे, की लसीची पहिली फेरी आणि जंतांचं औषध झाल्यावर किमान 7 दिवसांनी, 7-8 आठवड्यांच्या पिल्लाला सोशलायझेशनच्या, म्हणजे माणसांची आणि इतर कुत्र्यांची सवय लावण्याच्या वर्गात नेता येतं. सगळ्या लसी संपेपर्यंत घरात कोंडलेल्या पिल्लाचा तो पहिल्या तीन महिन्यांचा काळ हातून निसटतो. भेटी घडवायच्या, पण पिल्लाच्या कलानं. दहा जणांनी उचलून दाबून घेणं म्हणजे सोशलायझेशन नव्हे.

कुत्रा मोठा असेल तर ज्या प्रकारच्या माणसाला तो बिचकतो, त्याच्याकडे ज्या अंतरावरून पाहूनही तो खाऊ घेऊ शकतो, तिथेच थांबा. माणूस दिसला की खाऊ, नजरेआड झाला की बंद. अंतर कमी करायचं ते आठवड्या-महिन्यांच्या बेतानं. खाऊ तुमच्या हातून द्या. अनोळखी माणसाच्या हातचा खाऊ घ्यायला लावलं, तर भित्रं कुत्रं लालसेनं पुढे जातं आणि खाऊ संपताच स्वतःला त्याच्या अगदी जवळ सापडून घाबरतं. इतकी वर्षं शांत असलेला कुत्रा अचानक माणसांवर धावू लागला तर आधी पशुवैद्याकडे न्या. सांध्यांचं, कानाचं, दाताचं दुखणं असं बाहेर पडतं.

ज्याच्यावर तो भुंकला, त्या माणसाची माफी मागा. ‘आमचा असं कधीच करत नाही, तुम्हालाच बघून केलं,’ असं म्हणू नका. ते वाक्य त्या माणसानं आयुष्यात अनेक दारांत ऐकलेलं असतं. ‘त्याला सवय नाही, त्याला आवरायची जबाबदारी माझी,’ असं सांगा आणि कुत्र्याला दुसऱ्या खोलीत नेऊन दार लावून घ्या. त्या माणसाला सरावासाठी लांब उभं राहायची विनंती करता येईल. पण तो नको म्हणाला, तर आग्रह करायचा नाही.