पीएचडी नीट रखडवायची असेल तर

प्रयोग सगळ्यांचेच फसतात, त्यात काही कर्तृत्व नाही. खरं कौशल्य लागतं ते फसण्याचं कारण कळू न देण्यात. एकदा का ते कळलं, की माणूस चूक सुधारतो, प्रबंध लिहितो आणि लॅबबाहेर पडतो.

पीसीआरपासून, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या भरमसाट प्रती काढण्याच्या पद्धतीपासून, सुरुवात करा. दर वेळी एका ट्यूबमध्ये डीएनएऐवजी नुसतं पाणी घालून निगेटिव्ह कंट्रोल ठेवा, असं सीनियर सांगतील. अजिबात ठेवू नका. त्या ट्यूबचा बँड, म्हणजे डीएनएचा पट्टा, तपासणीच्या जेलवर दिसला, तर कुठलं तरी द्रावण दूषित झालंय हे त्याच संध्याकाळी कळेल, आणि मग तुमचे पुढचे तीन महिने कशात जाणार? पीसीआर झालेल्या ट्यूब उघडा त्याच टेबलावर, जिथे नवं मिश्रण बनवता. पिपेटही तेच वापरा. ३० चक्रांत, सगळं सुरळीत चाललं तर, एका रेणूच्या शंभर कोटींहून जास्त प्रती होतात. त्यामुळे झाकण उघडताना उडालेला, डोळ्यांना न दिसणारा तुषार भरपूर पुरतो. आणि हो, प्राइमर (प्रती काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) छोट्या ट्यूबांत वाटून ठेवू नका. सगळ्यांनी एकाच ट्यूबमध्ये टिप बुडवली, की दोष कुणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

पेशी वाढवत असाल, तर मायकोप्लाझ्मा या जिवाणूसारखा सोबती नाही. त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन त्याला लागू पडत नाही. माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात काही दिसत नाही. पेशी जरा हळू वाढतात, जनुकं जरा वेगळी वागतात, आणि तुम्हाला वाटतं, नवा शोध लागला! दुसऱ्या लॅबमधून आलेला फ्लास्क थेट सगळ्यांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवा. वेगळा ठेवून तपासणं म्हणजे पाहुण्यांचा अपमान. त्या पेशी नेमक्या कुठल्या, हेही विचारू नका. वेगवेगळ्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक पेशी प्रत्यक्षात १९५१ मध्ये वेगळ्या केलेल्या हेला नावाच्या कर्करोगाच्या पेशीच आहेत, हे १९६६ मध्येच दाखवलं गेलं होतं. इतकी जुनी परंपरा तुम्ही कशाला मोडता?

ट्यूबवर नाव साध्या मार्करने लिहा. बाहेरून ७० टक्के इथेनॉलने पुसलं, की शाईचा निळसर ओघळ उरतो. मग उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून डबा काढला, की बर्फ खरवडताना ‘नवा २’ एवढंच वाचता येतं. २ कशाचा, ते वहीत असेल.

पण वही! तिथे फक्त जमलेले प्रयोग लिहा. फसलेल्यांची नोंद केली, अँटिबॉडीचा लॉट नंबर, किती वेळा गोठवली-वितळवली हे लिहिलं, तर सहा महिन्यांनी तोच प्रयोग त्याच मेलेल्या अँटिबॉडीने पुन्हा करण्याचा आनंद जातो. प्रयोग चालत नसेल, तर तापमान, बफर, वेळ आणि पेशींची संख्या एकदमच बदला. चुकून जमलाच, तरी कशामुळे जमला हे कळायला नको.

आकडेवारीत एवढंच लक्षात ठेवा: खरा फरक कुठेच नसला, तरी ०.०५ ची मर्यादा (म्हणजे निव्वळ योगायोगाला पाच टक्के मुभा) धरून वीस स्वतंत्र चाचण्या केल्या, तर एखादी तरी ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. उरलेल्या एकोणीसांबद्दल बोलू नका.

राहिली आठवड्याची मीटिंग. गाइडसमोर फक्त चांगला जेल ठेवा. बाकीचे अकरा ड्रॉवरमध्ये. एखादा जेल पाहून त्यांनी ‘ही पाण्याच्या ट्यूबची लेन कुठे आहे?’ विचारलंच, तर नम्रपणे म्हणा, ‘सर, पुन्हा करून बघतो.’ तारीख विचारू लागले, तर मान डोलवा आणि फ्रीझरकडे जा.