चोरीचा आळ आला म्हणजे चौकशीची गरज नाही? काऊन बुवा?

दोन दिवसांपासून ग्रुपवर तोच मेसेज फिरून राहिला. दुकानात-कारखान्यात चोरी झाली तर मालक उभ्या उभ्या काढू शकते, चौकशी फक्त सरकारी नोकरीत, उरलेला पगार अन् पीएफ जप्त, आणि माणसानं लिहून दिलं की विषय संपला.

पगार-पीएफचं आधी उरकतो. काढल्यावर कामाच्या दोन दिवसांत हिशेब चुकता करावा लागते, नुकसान कापायचं तरी आधी त्याचं म्हणणं ऐकावं लागते, अन् पीएफ मालकाच्या गल्ल्यातला पैसा नाहीच, तो जप्त काय करतो.

आता चौकशी. आरोप लेखी द्या, खुलासा घ्या, साक्षीदाराला उलट प्रश्न विचारू द्या, मग ठरवा, हे खाजगीतल्या कामगारालाही लागू आहे. मासला सरकारी कंपनीतला आहे, पण बघा: कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतले सिक्युरिटी ऑफिसर एम. पॉल अँथनी, घरी सोनं सापडलं म्हणून सस्पेंड, निर्वाह भत्ता (सस्पेंड असताना घर चालवायला मिळणारे पैसे) नाही, केरळातल्या गावाहून चौकशीला यायला पैसे नाहीत, मग त्यांच्या माघारी चौकशी उरकून बडतर्फ. फौजदारी कोर्टात ती धाडच सिद्ध झाली नाही आणि 1999 मध्ये सुप्रीम कोर्टानं नोकरी परत दिली. कोर्टातून सुटला की नोकरी आपोआप परत येते असंही नाही हं, कंपनीच्या चौकशीत पुरावा कमी चालते, पण कमी म्हणजे शून्य नाही ना भाऊ.

आणि ते लिहून देणं. माझा मावसभाऊ नागपूरच्या इतवारीत साड्यांच्या दुकानात होता. दिवाळीच्या गर्दीत सहा साड्या कमी भरल्या, रात्री शटर अर्धं पाडून त्याला बसवलं, पोलिसात देऊ म्हणे, नाहीतर लिही, तर त्यानं घाबरून 'माझ्याकडून चूक झाली, मी स्वखुशीने काम सोडत आहे' असं लिहिलं, तेही मालक सांगत गेला तसं, अन् तारखेची जागा रिकामी. साड्या अकरा दिवसांनी आल्या. मालकाच्याच पोरानं एका गिऱ्हाइकाच्या घरी पसंतीसाठी पाठवल्या होत्या, चिठ्ठी न करता.

भाऊ गेला विचारायला, तर गल्ल्यावरून मान वर न करता मालक म्हणते, तूच तर लिहून दिलं होतं ना बे.